निळ्या दोरीचं कार्ड

१

"माझी नऊ वर्षं कोणीतरी चोरली, बाई," वेल्डर म्हणाला आणि त्यानं प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

निवृत्तिवेतन कार्यालयात मी एकतीस वर्षं फायली तपासल्या. आता आठवड्यातून तीन दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत एका डुगडुगत्या टेबलाशी बसते आणि लोकांचे पेन्शनचे कागद फुकट बघून देते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी परदेशात नोकरीला आहे, दर रविवारी फोन करते. फोन अकरा मिनिटं चालतो. मी काही घड्याळ लावून बसत नाही, पण मोजायची खोड जात नाही. घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा हे टेबल बरं.

पिशवीचं तोंड दोरीनं बांधलेलं होतं. दोन वेढे, मधून उलटा फास, टोक आत खोचलेलं. मी नखं मोडून घेतली तरी गाठ ढिम्म हलेना. त्यानं एका बोटानं टोक ओढलं आणि ती सुटली.

आत दोन कागद होते. पहिला त्याच्या नेमणुकीचा. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो परदेशी जहाजांच्या कारखान्यात वेल्डर म्हणून लागला, नऊ वर्षं राहिला आणि आई गेल्याची तार आली तेव्हा घाईनं परतला, तो कायमचाच. दुसरा कागद तिथल्या निवृत्ती निधीच्या कचेरीचं ताजं पत्र होता. 'सदर क्रमांकाच्या सभासदाने कार्ड सादर करून सर्व जमा उचलली आहे. सभासदत्व संपले. सेवा शून्य वर्षे.' खाली उचल केल्याची तारीख होती.

"या तारखेला तुम्ही कुठं होतात?"

"इथंच. परत येऊन अडीच महिने झाले होते. दाढी वाढवून घरात बसलो होतो."

गोष्ट सरळ होती आणि वाईट होती. पेन्शनला पंधरा वर्षं लागतात. इथली त्याची कागदावरची वर्षं सात. बाकीची छोट्या वर्कशॉपांत गेली, आणि तिथं कागदावर कोणी कामगारच नसतो. दोन्ही देशांचा करार आहे, तिथली वर्षं इथल्या वर्षांना जोडता येतात. सात आणि नऊ सोळा. पण जमा एकदा उचलली की वर्षंही पुसली जातात. मग सात आणि शून्य सात, आणि हातात धुपाटणं. अर्ज या महिनाअखेर जायला हवा होता.

"कार्ड कुठं आहे?"

"घरी, कपाटात. किल्ली बायकोकडे असते." मग दाराकडे बघत म्हणाला, "त्याच वर्षी धाकट्यानं दुकान टाकलं. आणि तेव्हा आमचा एजंट सगळ्यांना सांगत फिरायचा, कार्ड द्या, घरबसल्या निधी काढून देतो. तुम्हीच काय ते समजा."

पत्र आल्यापासून, म्हणजे पंधरा दिवस, तो बायकोशी आणि भावाशी एक अक्षर बोलला नव्हता.

जाताना त्यानं तपकिरी ठिपक्यांच्या सदऱ्याच्या खिशातून तिसरा कागद काढला. त्याच एजंटनं आणलेला करार होता तो. परदेशी गोदामावर रखवालदार, तीन वर्षं. साठीच्या माणसाला.

"सोमवारी सही करायची आहे. तोवर काही निघालं तर ठीक. घरी सांगितलेलं नाही."

त्या दिवशी मंगळवार होता.

२

वेल्डर कामावर गेल्याचं बघून मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. दोन खोल्या, मागे हातभर अंगण. त्याची बायको कपडे वाळत घालत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं चिमटे पदरात टाकले.

"मला वाटलंच होतं. हे माझ्याशी बोलत नाहीत, पण अख्ख्या गावाशी माझ्याबद्दल बोलत असणार."

"तुमच्याबद्दल नाही, कार्डाबद्दल."

"तेच ते, ताई. किल्ली माझ्याकडे, म्हणजे चोर मी." तिनं वाळत घालायची दोरी ताणली. दोरीच्या टोकाला दोन वेढे, उलटा फास, टोक आत. "नऊ वर्षं एकटीनं काढली. सासूचं दुखणं काढलं, दिराचं शिक्षण काढलं. तेव्हा घर विकून पळाले असते तरी कोणाला कळलं नसतं. आणि नवरा घरात आल्यावर मी चोरी करायची?"

तिच्या बोलण्यात दम होता. पण ती नजर चुकवत होती, हेही खरं. काहीतरी तिनं पोटात ठेवलं होतं.

आतल्या खोलीत एक चांगला रुंद पलंग होता. उशी एकच, भिंतीकडच्या कडेला. चादर निम्मीच चुरगळलेली. बाहेरच्या खोलीत एका गादीची वळकटी.

"तुम्ही बाहेर झोपता?"

"आता झोपते." ती कपाटाच्या कुलपाशी खटपट करत होती, माझ्याकडे पाठ होती म्हणून बोलली असावी. "परत आले तेव्हापासून भिंतीला चिकटून झोपतात. अर्धा पलंग रिकामा. मी त्या बाजूला पडले की दचकून उठून बसतात, जायला निघाल्यासारखे. पहिली दोन वर्षं वाटलं, सवय जाईल. मग म्हटलं, कशाला त्रास द्यायचा माणसाला." कुलूप उघडलं. "मी काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही. असंच चाललंय."

मी कार्ड मागितलं.

रुमालात गुंडाळलेलं होतं. प्लास्टिक चढवलेलं, फोटो नसलेलं, तिकडच्या लिपीतलं, निळ्या दोरीत ओवलेलं. ती लिपी मला येत नाही, पण परदेशी काम केलेल्यांच्या फायली वर्षानुवर्षं माझ्याकडेच यायच्या, त्यामुळे आकडे तेवढे ओळखता येतात. नेमणुकीच्या कागदावरचा क्रमांक मी वहीत उतरवून आणला होता. बोट ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. सगळे जुळले. शेवटचा जुळला नाही.

पुन्हा पाहिला. कागदावर चार होता. कार्डावर सात.

कपाटात होतं ते कार्ड वेल्डरचं नव्हतंच.

३

धाकट्या भावाचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आणि काउंटरवर मोठ्या अक्षरांत : कार्डांना प्लास्टिक चढवून मिळेल.

माझ्या डोक्यात नको ते आलंच. खरं कार्ड काढून घ्यायचं, त्याजागी बनावट करून ठेवायचं, खरं एजंटच्या हवाली करायचं. कपाटाची किल्ली वहिनीकडे, प्लास्टिकचं मशीन दिराकडे. मला हे चित्र अजिबात आवडलं नाही, पण एकतीस वर्षांत आवडनिवडीवर मी एकही फाईल निकालात काढलेली नाही.

"मशीन कधी घेतलंत?" मी विचारलं.

"दादा परत आला त्या वर्षी."

"कसं?"

त्यानं झेरॉक्सचं झाकण तीनदा उघडून मिटलं. मग म्हणाला, "वहिनीला सांगू नका मी सांगितलं म्हणून. दादानं तिकडून तिला शिलाई मशीन पाठवलं होतं. ते तिनं माझ्यासाठी विकलं. दादा आला तेव्हा सांगितलं, बिघडलं, भंगारात दिलं. तेव्हापासून आमची अळीमिळी गुपचिळी."

म्हणजे तिच्या पोटातलं हे होतं. खरं असेल, कदाचित खोटंही. मी वहिनीकडून मागून आणलेलं कार्ड त्याच्यापुढं टाकलं. "हे तुम्ही बनवलंत?"

त्यानं ते उजेडात धरलं. रागावेल असं वाटलं होतं, पण कारागीर माणूस, आधी काम बघितलं. "बाई, असलं जाड प्लास्टिक माझ्या मशीनमध्ये जातच नाही. आणि हे बघा काय झालंय याचं. देवी आल्यात जशा."

मी चष्मा सारखा केला. कार्डाच्या पुढच्या बाजूला बारीक बारीक तपकिरी खड्डे होते, शेकड्यांनी. वितळून मग गोठलेले. मागची बाजू मात्र स्वच्छ. असेच ठिपके मी मंगळवारी टेबलापलीकडे पाहिले होते, वेल्डरच्या सदऱ्याच्या छातीवर.

ठिणग्या. हे कार्ड वर्षानुवर्षं एका वेल्डरच्या गळ्यात होतं. कपाटात बसून कार्डाला असल्या देवी येत नाहीत.

तिथून मी एजंटकडे गेले. गाव त्याला 'विमानवाले' म्हणतं. घरबसल्या निधी काढून देण्याची गोष्ट काढल्यावर तो ओशाळून हसला.

"तोंडाच्या वाफा होत्या हो बाई. एकाचाही काढून दिला नाही. ती कचेरी माणूस समोर उभा केल्याशिवाय दमडी देत नाही. आणि मी कसला उभा राहतोय तिथं? मी आजवर विमानात बसलेलो नाही."

"विमानवाले म्हणतात ना तुम्हाला?"

"विमानात बसवणारा. बसणारा नव्हे."

माणूस समोर उभा करावा लागतो, तर बायको, भाऊ आणि एजंट तिघंही सुटले. त्या वर्षी तिघांपैकी कोणी गावाची वेस ओलांडली नव्हती. आणि कार्ड बनावट नव्हतं. मग उरत होतं ते एकच, आणि ते मला रस्त्यात उभ्या उभ्या सुचलं. नऊ वर्षं हा माणूस रोज दुसऱ्याच कोणाच्या तरी क्रमांकावर कामावर जात होता.

वाचनालयाच्या संगणकावरून मी निधीच्या कचेरीला दोन क्रमांक पाठवले, शेवटी चार असलेला आणि शेवटी सात असलेला. उचलीच्या पावतीची नक्कल आणि दोन्ही क्रमांकांची हजेरी मागवली. असल्या कचेऱ्यांना पत्रात क्रमांक लागतो, माणूस नसला तरी चालतो.

उत्तर शनिवारी आलं. मी ते दोनदा वाचलं आणि रविवारी सगळ्यांना वेल्डरच्या घरी बोलावलं.

४

वेल्डर पलंगाच्या कडेवर बसला. बायको दारात. भाऊ आणि विमानवाले खुर्च्यांवर, एकमेकांकडे न बघता. मी वेल्डरपासूनच सुरुवात केली.

"तुमची पाळी कोणती होती?"

"रात्रीची. नऊ वर्षं रात्रीचीच."

"आणि दिवसा झोपायचात कुठं?"

त्यानं बायकोकडे ओझरतं पाहिलं. "हे कशाला हवंय?"

"हवंय."

"खोलीत आठ खाटा आणि सोळा माणसं," तो सावकाश म्हणाला. "एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा, दोघांत एक खाट. माझ्या खाटेवरच्याला मी 'अर्ध्या' म्हणायचो, तोही मला 'अर्ध्या'च म्हणायचा. खरं नाव एकदा कानावर आलं असेल, विसरलो. मी यायचो तेव्हा तो निघत असायचा. पाच मिनिटं भेट. सुट्ट्यासुद्धा वेगवेगळ्या वारी. पण माझ्या उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवायचा. मीही ठेवायचो. खाटेची भिंतीकडची बाजू माझी, दाराकडची त्याची. तो नसला तरी मी त्याच्या बाजूला सरकत नसे. त्याचे कपडे असायचे तिथं, आणि... चांगलं नाही वाटायचं."

दारात बायकोनं चौकट धरली.

"कार्डं कुठं असायची?"

"एकाच खिळ्याला. माझी दोरी निळी, त्याची पांढरी. ती लिपी कोणाच्या बापाला वाचता येत होती? दोरीवरून ओळखायचं."

"पगार?"

"फोरमन तोंड बघून हातात द्यायचा. सगळ्या वेल्डरांना सारखाच."

मी पावतीची नक्कल पुढं ठेवली. "तुम्ही निघालात आणि अडीच महिन्यांनी तो कारखाना बंद झाला. उरलेल्या सगळ्यांना एका रांगेत उभं करून निधी दिला. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात, म्हणून कार्ड आणि अंगठा एवढ्यावर काम भागवलं. हा तो अंगठा. रेघा कशा स्वच्छ आहेत बघा. आता तुमचा डावा अंगठा दाखवा."

त्यानं दाखवला. टोक भाजून गुळगुळीत झालेलं होतं. तिकडच्या पहिल्याच महिन्यात भाजलेलं, तो म्हणाला.

"आता हजेरी. शेवटी चार, म्हणजे तुमचा क्रमांक. पहिले सात महिने रात्रपाळी. मग एकदम दिवसपाळी, कारखाना बंद होईपर्यंत. शेवटी सात, म्हणजे कपाटातलं कार्ड. पहिले सात महिने दिवसपाळी. मग रात्रपाळी, आणि हजेरी थांबते ती तुमची आई गेली त्याच आठवड्यात."

भाऊ ताडकन उठला. "दादा, सातव्या महिन्यात कार्डं बदलली!"

"अर्ध्यानं," वेल्डर ओरडला. उठून उभाच राहिला. "अर्ध्यानं केलं! पाणी भरून ठेवायचा आणि..."

"बसा," मी म्हटलं. "सातव्या महिन्यात काय झालं होतं?"

तो बसला. मग आठवलं, ते त्याच्या चेहऱ्यावर आम्हा सगळ्यांना दिसलं.

"कंपनीनं कार्डं गोळा केली," तो हळूच म्हणाला. "जाड प्लास्टिक चढवून परत दिली. जुन्या दोऱ्या कापून टाकल्या होत्या."

"मग नव्या दोऱ्या कोणी बांधल्या?"

मी कार्ड वर धरलं आणि निळ्या दोरीची गाठ त्यांच्यापुढं केली. दोन वेढे, उलटा फास, टोक आत खोचलेलं. प्लास्टिकच्या पिशवीच्या तोंडावर होती तीच. अंगणातल्या दोरीला होती तीच.

बायको दारातूनच म्हणाली, "ही गाठ यांच्याशिवाय या घरात कोणाला सुटत नाही."

"मीच बांधल्या," वेल्डर म्हणाला. "तो कामावर होता. मी म्हटलं, आल्यावर त्याला तयार मिळू दे."

चोर सापडला होता, आणि तो माझाच पक्षकार होता. पंधरा दिवस त्यानं ज्यांना वाळीत टाकलं होतं ते दोघं समोर होते, आणि त्याला मान वर करवत नव्हती. मला त्याची कीव आली. थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू.

"तुमची वर्षं कोणी चोरलेली नाहीत," मी म्हटलं. "अर्ध्यानं स्वतःच्या कष्टाचं उचललं, फक्त तुमच्या क्रमांकावर. तुमची नऊ वर्षं त्याच्या क्रमांकावर जशीच्या तशी पडून आहेत, आजही. त्यानं लिहून दिलं की क्रमांक अदलाबदल होतील. नाही दिलं तर ती त्याची."

वेल्डरनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो बायकोकडे बघत होता.

"म्हणून कडेला झोपता?" तिनं विचारलं. "अठरा वर्षं मला वाटतंय, मी नको झालेय."

५

विमानवाल्याच्या जुन्या वहीत अर्ध्याचं नाव आणि गाव निघालं. सोमवारी सकाळी त्या गावचं पोस्ट उघडल्याबरोबर तिथून फोन नंबर मिळाला. वाचनालयाच्या फोनवरून वेल्डरनं तो लगेच लावला. रखवालदारीचा करार त्याच्या खिशात होता, विमानवाल्यानं संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती.

"कोण?" पलीकडून म्हातारा आवाज आला.

वेल्डरला आपलं नाव सांगता येईना. "अर्ध्या बोलतोय," तो म्हणाला.

मग आवाज आला, "पाणी भरून ठेवलंस का?"

वेल्डर रडायला लागला, म्हणून पुढचं मी बोलले. अर्ध्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्याकडे दर वर्षी निधीच्या कचेरीचं पत्र यायचं, त्याची नऊ वर्षं शिल्लक असल्याचं. "मी माझं घेऊन आलेलो, मग हे कोणाचं? कोणीतरी विचारत येईल म्हणून अठरा पत्रं जपून ठेवलीत," तो म्हणाला.

"मग लिहून द्याल ना? कागद पोस्टानं पाठवते."

"पोस्टानं नको," तो घाईनं म्हणाला. "त्याला पाठवा. बायको गेली, पोरं लांब आहेत. इथं कोणी येत नाही हो."

नवरा-बायको दोघंही गेले. गुरुवारी परत आले ते सही-अंगठ्याचा कागद घेऊन, आणि महिना संपायला चार दिवस असताना मी अर्ज पाठवला. रखवालदारीचा करार वेल्डरनं माझ्या टेबलावर ठेवला. पाठीमागची बाजू कोरी होती, मी त्यावर पुढच्या माणसाचा हिशेब मांडला.

तो भावाच्या दुकानाकडे गेला, शिलाई मशीनचं सगळं कळलं होतं त्याला. बायको मागे रेंगाळली.

"ताई, त्यांच्या घरी एकच खाट आहे," ती म्हणाली. "चांगली ऐसपैस. एकटा माणूस, पण उशी दाराकडच्या कडेला. भिंतीकडची बाजू रिकामी, तिथं घडी केलेली चादर. हे आत गेले आणि त्या रिकाम्या बाजूला जाऊन बसले. मी बाहेर ओट्यावर बसून राहिले, आत जाववेना."

"आणि घरी आल्यावर?"

ती जरा लाजली. "गादी आत घेतलीये. अजून दचकतात. पण आता विचारते मी, कोण आलं म्हणून. तू आलीस, म्हणतात."

रविवारी मुलीचा फोन आला. तिकडचं हवापाणी झालं, माझा गुडघा झाला, दहा मिनिटं झाली. ती "बरं मग आई" म्हणणार एवढ्यात मी विचारलं, "तुझं तिकडच्या निधीचं कार्ड आहे ना? जरा क्रमांक वाचून दाखव."

"आत्ता? कशाला गं?"

"वहीत लिहून ठेवते. असावा घरात."

तिनं पर्स शोधली, कार्ड शोधलं, एकेक आकडा वाचून दाखवला. बारा आकडे होते. मी सगळे नीट लिहून घेतले.

"ऐकू आलं नाही नीट," मी म्हटलं. "पुन्हा सांग, सावकाश."